देश संपवणारे काका

काकांना मोठे देश आवडत नसत. रशिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावं काढली की आमटीत खडा लागल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. "त्यांचं काही खरं नाही हो, वहिनी. जन्म गेला तरी संपायचे नाहीत. आणि अर्धवट बघून परत यायचं तर जायचंच कशाला?"

देश बघायचा नसतो, देश संपवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्याच्या चारी टोकांना जाऊन यायचं, प्रत्येक गावात एकदा तरी पाय ठेवायचा, आणि मग नकाशावर लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली की त्या देशाचा विषय खलास. असे त्यांनी दोन देश संपवले होते. एक बहरीन, आणि दुसरा आम्ही राहत होतो तोच, अमिराती.

"मग भारताचं काय, काका?" मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"भारत घर आहे. घरात कोणी साइटसीइंग करतं का?"

बोला आता.

शारजात रोलाच्या मागच्या गल्लीत काकांच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट होता. काका तिथे एकटेच. मूळचे देवगडकडचे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं ते त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगणाऱ्यातले ते नव्हते. हमरिया फ्री झोनमध्ये पोलादी टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते आणि त्याच कंपनीत परचेसला आमचे हे. मला आणि चार वर्षांच्या मनूला इकडे आणायचं ठरलं तेव्हा काकाच ह्यांना म्हणाले, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. सहाशे दिरहॅम." सहाशे दिरहॅम म्हणजे सहा-सात हजार रुपये! मी चिपळूणला फोनवर किंचाळलेच, "एका खोलीचे? बंगला देताहेत का काय ते?" नव्वदचं दशक निम्म्याहून पुढे सरकलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आता मुलगी अबुधाबीत रीम आयलंडवर तिसाव्या मजल्यावर राहते. तिचं भाडं ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

पहिल्या दिवशी मी फ्रिज उघडला तर प्रत्येक कप्प्यावर मधोमध एक लाल रेघ. ड्राफ्ट्समनची रेघ ती, केसभर इकडची तिकडे नाही.

"डावी तुमची, उजवी माझी," काका म्हणाले. "दारातले कप्पे कॉमन."

मी कपाळाला हात लावला. पुढे चार वर्षं माझं कोथिंबिरीचं एक पानसुद्धा रेघेच्या पलीकडे गेलं की ते चिमटीत धरून परत डावीकडे ठेवलेलं दिसायचं. तक्रार नाही, बोलणं नाही. डब्यांवर छापल्यासारख्या अक्षरांत चिठ्ठ्या. डाळीच्या बरणीवर बाहेरून एक आडवी खूण आणि शेजारी मजकूर: "डाळ इथवर आल्यास बाजारात जाणे." मला हसू आवरेना. महिन्याभरानं बघते तर माझ्याही बरण्यांवर खुणा! मला न विचारता! तरातरा भांडायला निघाले होते, पण त्याच दिवशी साखर खुणेशी आलेली दिसली, आणली, आणि संध्याकाळी अचानक पाच पाहुणे टपकले. मग काय, गप्प बसले.

सकाळी पाच चाळीसला कंपनीची बस यायची. पाच पस्तीसला काका आमच्या दारावर दोन टकटक करून "यल्ला!", म्हणजे चला, असं म्हणायचे. एक नाही, तीन नाही, दोन. मनू लहान असताना तिला वाटायचं की ते घड्याळच आहे. तिला कांजिण्या आल्या तेव्हा ह्यांचा मुक्काम रुवैसच्या साइटवर. काकांनी चार दिवस रजा टाकली आणि तिच्या उशाशी बसून तिला होकायंत्रानं उत्तर कशी शोधायची ते शिकवलं. मनू इंग्लिशमध्ये विचारायची, काका मराठीत सांगायचे, आणि दोघांचं मस्त चालायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. माझ्या आईला तेव्हा मी पत्रात लिहिलं होतं, की माणूस विक्षिप्त आहे पण घरात असला की बरं वाटतं.

त्यांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. काका कुणालाही रस्ता विचारत नसत. "विचारलं की संपलं. मग तो देश तुम्ही नाही बघितला, सांगणाऱ्यानं दाखवला." नकाशा, होकायंत्र आणि टाइमटेबल, ह्या तिन्हींवर भागलं पाहिजे.

अमिराती संपवायला फक्त नहवा उरलं होतं. फुजैराकडच्या डोंगरात ओमानचा एक तुकडा आहे, चहूबाजूंनी अमिराती. त्या तुकड्याच्या पोटात पुन्हा अमिरातीचं एक इवलंसं गाव, ते नहवा. काकांना त्या गावाचं केवढं कौतुक! एका जूनच्या शुक्रवारी, भर दुपारी, आम्हाला तिघांना कोंबून त्यांची जुनी कोरोला निघाली. एसी मसाफीला मेला. डोंगरात रस्ता तीनदा चुकला. तिसऱ्यांदा तोच बकाला, म्हणजे किराणा दुकान, समोर आला तेव्हा दुकानातला पठाण बाहेर येऊन हिंदीत विचारायला लागला, "किधर जाना है, भाईसाब?"

"नहीं नहीं, ऐसेही," काका म्हणाले आणि गाडी पुढे घेतली.

"ऐसेही?" मी मागून ओरडले. "बेचाळीस डिग्रीत ऐसेही?"

शेवटी सापडलं. दहा-बारा घरं, दोन बोकड. काका उतरले, मिनिटभर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, खिशातून लाल पेन्सिल काढली. इतकं समाधान मी माणसाच्या तोंडावर कमी वेळा बघितलंय. परतताना मनूला गाडीत उलटी झाली. ती ओमानमध्ये झाली की अमिरातीत, तेही काकांनी नकाशा काढून सांगितलं.

त्यानंतर काकांनी माल्टा धरला. भूमध्य समुद्रातला टिचभर देश. नकाशात बघायला गेलात तर इटलीच्या बुटाखाली सांडलेले दोन-तीन तांदळाचे दाणे, बस. राहती बेटं तीन: एक मोठं, एक मधलं चिमुकलं, एक पलीकडचं. "सहा दिवसांत संपतो," काका म्हणाले. त्यांनी तिथल्या टुरिस्ट ऑफिसला पत्रं लिहून नकाशे मागवले, बसची आणि बोटींची टाइमटेबलं मागवली, ती लॅमिनेट केली, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "तुम्ही तिघं पण चला. एकट्यानं संपवलं तर साक्षीदार कोण?"

मला वाटलं हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "जाऊ या की!" जन्मात चिपळूण, मुंबई आणि शारजा यापलीकडे न गेलेली मी. मी तर लगेच बॅग खाली काढली.

एकच भानगड होती. ह्यांचा रेसिडेन्स व्हिसा त्या ईदनंतरच्या मंगळवारी संपत होता आणि माझा नि मनूचा व्हिसा ह्यांच्या व्हिसावर. ईदच्या सुट्टीत सरकारी ऑफिसं बंद. कंपनीचा व्हिसाचं बघणारा माणूस म्हणाला, "आप जाओ, आके रिन्यू करेंगे, इन्शाल्ला. बस, मंगल के पहले दुबई में उतर जाना. व्हिसा बाहर खतम हुआ तो फिर अंदर नहीं आ सकते." आणि कंपनीत तेव्हा माणसं कमी करायचं चाललं होतं. गेलेल्याला परत बोलवायला नवा व्हिसा काढतील, असले दिवस नव्हते. माल्टाहून दुबईला विमान आठवड्यातून दोनदा, सोमवारी सकाळी आणि गुरुवारी. आमचं तिकीट सोमवारचं.

"एक दिवस हातात आहे," काका म्हणाले. "माझ्यावर सोडा."

सोडलं.

माल्टा मला पहिल्या तासात आवडलं. सगळी गावं एकाच मधाळ रंगाच्या दगडाची. घरांना रंगीत लाकडी बंद सज्जे, त्यातून बायका खाली बघत उभ्या. पिवळ्या जुन्या बस, आणि प्रत्येक ड्रायव्हरनं आपल्या डोक्यावर देवीचं चित्र, फुलं, दिवे असं सगळं लावलेलं. मला तर आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची आठवण झाली आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कोपऱ्याकोपऱ्यावर गरम गरम खारी मटाराची करंजी मिळायची. पदरवाली, बोटाला तूप लागणारी. मनूनं पहिल्या दिवशी चार खाल्ल्या.

काकांचं वेगळंच चाललेलं. एका गावात भल्या मोठ्या घुमटाचं चर्च होतं. लढाईत त्या घुमटातून बॉम्ब आत पडला आणि फुटलाच नाही, असं तिथली बाई सांगत होती. सगळे वर बघत होते. काका खाली बघत होते, कारण ते पावलं मोजत होते. "व्यास बरोबर दिलाय त्यांनी," बाहेर आल्यावर म्हणाले. तिथल्या बऱ्याच चर्चना दोन-दोन घड्याळं असतात. एक खरी वेळ दाखवतं आणि एक खोटी, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. काका त्या खोट्या घड्याळाकडे बघून इतके अस्वस्थ झाले की शेवटी त्यांना तिथून हाताला धरून न्यावं लागलं. "अहो पण बंद तरी ठेवावं," बसमध्ये बसेपर्यंत पुटपुटत होते.

आणि बसमध्ये त्यांना दुसरा धक्का बसला. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या काहीतरी मोजत होत्या, आणि ते आकडे जवळजवळ अरबी! काका हरखले. "वहिनी, ऐकलंत? वाहेद, त्नेन... ही मंडळी तर आपल्या साइटवरच्यासारखं बोलतात!" मग सहा दिवस ते प्रत्येकाशी साइटवरच्या अरबीत बोलत होते आणि प्रत्येक जण त्यांना इंग्लिशमध्ये उत्तर देत होता. काकांचं काही अडलं नाही.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मोठं बेट आणि पलीकडचं बेट दोन्ही संपली. उरलं मधलं चिमुकलं. ते रविवारी.

मधल्या बेटावर काहीच नाही, आणि तेच तिथलं बघण्यासारखं. झुडपं, दगड, एक जुना बुरूज, सीझन नाही म्हणून कुलूप लावलेलं हॉटेल, आणि निळं की हिरवं ते सांगता येऊ नये असं पाणी. गाड्या नाहीत, दुकान नाही. मार्चचा वारा मात्र असा की माझी ओढणी दोनदा समुद्राकडे निघाली. बरोबर आणलेल्या मटाराच्या करंज्या आम्ही बुरुजाच्या आडोशाला बसून खाल्ल्या. अडीचच्या सुमाराला धक्क्यावर बोट लागलेली दिसली. बेटावरची होती नव्हती ती सगळी माणसं तिच्यात चढत होती. बोटवाल्यानं आमच्याकडे बघून हातसुद्धा केला.

"जायचं का?" मी म्हटलं.

"छे छे, अजून दोन फेऱ्या आहेत. शेवटची साडेपाचला," काकांनी लॅमिनेट केलेला कागद दाखवला. "पूर्वेचं टोक राहिलंय."

ह्यांनी कागद बघितला, मीही बघितला. साडेपाच लिहिलेलं होतं. आम्ही पूर्वेच्या टोकाला गेलो. काका टोकाच्या शेवटच्या दगडावर उभे राहिले, पेन्सिल काढली, खूण केली. मनूनं टाळ्या वाजवल्या. पाचच्या आत धक्क्यावर परत आलो आणि वाट बघत बसलो. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. समुद्रावर काळं कुत्रं नाही. धक्क्यावर एक फळा होता, त्याच्याशी मनू उभी होती.

"Kaka, there are two lists," ती म्हणाली. "The last boat was two-thirty."

"ती यादी सुट्टीच्या दिवसाची, बाळा."

"But today is Sunday."

"मग? रविवार म्हणजे वर्किंग डे."

"Not here, Kaka. Here Sunday is like our Friday."

काकांनी हातातला कागद डोळ्यांजवळ धरला. बावीस वर्षं शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी कामावर. त्यांच्या हाडात रविवार म्हणजे कामाचा दिवस. आणि आम्ही तरी काय वेगळे? घरात दोन शिकलेली माणसं, पण त्या कागदावर दोन याद्या आहेत हे बघूनही आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. सहा दिवस आम्ही देश बघत होतो आणि वार मात्र शारजाचाच धरून चाललो होतो.

विमान सोमवारी सकाळी आठला. सोमवारची पहिली बोट नऊला. हे दगडावर मटकन बसले. नुसते पाण्याकडे बघत राहिले. ते बघून माझा तोल गेला. मी काकांना जे बोलले ते आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

"तुमचं काय जातंय हो, काका? तुमचा व्हिसा आहे. तुम्हाला ना बायको, ना पोर! आमचं घर जाईल इथून. ह्यांची नोकरी जाईल, मनूची शाळा जाईल. तुमच्या त्या एका खुणेपायी!"

काकांनी हातातला कागद दुमडायचा प्रयत्न केला. तो लॅमिनेट केलेला, दुमडेना. मग तो खिशात कोंबला आणि चढ चढून निघून गेले.

"अगं काय बोललीस हे," ह्यांनी एवढंच म्हटलं.

वरती एका घराच्या धुराड्यातून धूर येत होता. काका तिकडे चालले होते. मी बघत होते. चार वर्षांत जो माणूस पठाणाला रस्ता विचारत नव्हता, त्यानं त्या घराचं दार वाजवलं. दोन टकटक. एक जाडजूड म्हातारा बाहेर आला, अंगात लोकरीचा स्वेटर, हातात सोलायला घेतलेला कांदा. काका हातवारे करून साइटवरच्या अरबीत सांगत होते. सदीक, मुश्किला, बुकरा तय्यारा, बेबी स्कूल, व्हिसा खलास. म्हणजे दोस्ता, अडचण, उद्या विमान, असं सगळं. वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होतं. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "Sir, you can speak English."

दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

म्हाताऱ्याची मासेमारीची छोटी होडी होती, नाकावर दोन डोळे रंगवलेली. त्यानं आकाश बघितलं, पाणी बघितलं आणि खाली येऊन सांगितलं: वारा वाढतोय. एकच फेरी मारीन, अंधारात दुसरी नाही. मोठ्या बेटावर माझ्या मुलीकडे झोपेन आणि सकाळी परतेन. आणि ह्या पाण्यात माझ्याशिवाय तीन माणसं, चौथं नाही.

ह्यांनी लगेच सुरुवात केली, "काका, तुम्ही ह्या दोघींना घेऊन..."

"वेडा आहेस का? व्हिसा तुझा संपतोय. तू नाही पोचलास तर ह्या दोघी पोचून काय करणार?" काकांनी मनूला उचलून होडीत ठेवलं. मग माझी पिशवी दिली. "वहिनी, पासपोर्ट तुमच्याकडे आहेत ना? तिन्ही बघून घ्या. हॉटेलवर सहाला टॅक्सी यायचं ठरलंय. माझी बॅग तिथेच राहू दे. माझी काळजी नको, ह्या होडीवाल्याच्या भावाच्या घरी सूप आहे म्हणे."

"काका," मी म्हटलं.

"बसा बसा. यल्ला."

होडी सुटली. पाणी अंगावर येत होतं, मनू माझ्या कुशीत घट्ट, हे एका हातानं काठ धरून दुसऱ्या हातानं डब्यानं पाणी उपसत होते. म्हातारा मधूनच काहीतरी म्हणत होता, ते बहुतेक देवाचं नाव असावं. मी एकदा मागे बघितलं. काका धक्क्यावर उभे होते. हात हलवत नव्हते, नुसते उभे होते, आम्ही किती अंतर कापलं ते मोजत असल्यासारखे. मग लाटेआड गेले.

पलीकडे पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. म्हातारा पैसे घेईना. मनूनं आपल्या पिशवीतलं चॉकलेट त्याला दिलं, ते मात्र त्यानं घेतलं.

सोमवारी विमान मिळालं. संध्याकाळी दुबई एअरपोर्टवर इमिग्रेशनचा तो पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातला पोरगेलासा ऑफिसर ह्यांचा पासपोर्ट चाळत होता. व्हिसाच्या पानावर थांबला. तारीख बघितली. वर बघितलं. "Tomorrow finish," म्हणाला.

"Yes, sir."

"Renew quickly, habibi." आणि धाडकन शिक्का मारला.

माझा जीव भांड्यात पडला. अगदी आवाज करून पडला म्हणा ना. हे तर बॅगांच्या पट्ट्याशी उभे राहून चक्क शीळ घालत होते. टॅक्सीत बसलो, शारजाचे दिवे दिसायला लागले, आणि मनू म्हणाली, "Who will knock tomorrow?" तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते घरी पोचेपर्यंत थांबलं नाही.

दोन दिवस काकांची काही खबर नाही. मोबाईल कुठले तेव्हा! तो वारा, ते पाणी, आणि त्यांचं पन्नाशीच्या पुढचं वय. मी उगाच त्यांच्या खोलीत जाऊन यायचे. फ्रिज उघडायचे आणि लाल रेघेच्या उजवीकडे बघून बंद करायचे. ह्यांना झोप लागायची, मला लागायची नाही. त्यांना काही झालं असतं, तर त्यांच्या कानांत शेवटचा माझा आवाज राहिला असता. आणि काय बोलणारा आवाज, तर तो.

बुधवारी कंपनीत फॅक्स आला. छापल्यासारखी अक्षरं. ह्यांनी घरी आणून दाखवला. "सुखरूप. गुरुवारच्या विमानानं येत आहे. मॅनेजरसाहेबांना तीन दिवसांची रजा वाढवल्याचं कळवावे. उजव्या बाजूचं दही आंबेल, संपवून टाकणे."

मी ते दही संपवलं. खरं सांगते, इतकं गोड दही मी पुन्हा खाल्लं नाही.

गुरुवारी मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. डाळिंब्यांची उसळ, मऊ भात, सोलकढी. तोंडात वाक्य घोळवत होते: काका, मी त्या दिवशी जे बोलले ते... यापुढे काही सुचत नव्हतं. एअरपोर्टला आम्ही तिघंही गेलो. ह्यांनी मित्राची गाडी आणली होती आणि ती नको तिथे उभी केली होती.

काका बाहेर आले. उन्हानं काळवंडलेले, दाढी वाढलेली, अंगात म्हाताऱ्याचा तो लोकरीचा स्वेटर. एप्रिल तोंडावर आलेला, दुबईचा उकाडा, आणि हा माणूस स्वेटर घालून! मनू धावत जाऊन त्यांच्या पायांना बिलगली. ह्यांनी बॅग घेतली. मी पुढे झाले.

"काका, मी त्या दिवशी..."

"वहिनी, आधी माझं ऐका," ते घाईघाईनं म्हणाले. "मी एक खोटं बोलून आलोय. तुम्हाला सांगायला हवं, तुमचं नाव त्यात आहे."

"काय बोललात?"

"सोमवारी तिकीट बदलायला विमान कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिकीट बदलण्यातलं नव्हतंच. पोरगी म्हणाली, नवं काढा. मग विचारते, एकटेच होतात का? विमान कसं चुकलं?" काकांनी चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसला. "माझ्या तोंडून निघून गेलं हो. म्हटलं, एकटा नाही. आम्ही घरची चार माणसं आहोत. होडीत तिघांचीच जागा होती, म्हणून तिघांना पुढे पाठवलं. ती उठून आत गेली, साहेबाला भेटून आली आणि गुरुवारचं तिकीट करून दिलं. फुकट. आता घरची म्हणजे... कागदोपत्री तसं काही नाही. तुम्हाला न विचारता सांगितलं."

तोंडात घोळवलेलं माझं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मला एकदम हलकं वाटलं. व्हिसावर शिक्का पडला तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

"ह्यात खोटं कुठलं आलं, काका?" मी म्हटलं. "तो स्वेटर काढा आधी, घामानं भिजलात. आणि चला लवकर, गाडी चुकीच्या ठिकाणी आहे, पोलीस येऊन दंड लावेल. भात निवतोय घरी."

"चला," काका म्हणाले, आणि मनूचा हात धरून चालायला लागले.